नुसता ठेवलेला पाय

“…मग दोष कुणाचा म्हणायचा, बुवा? गाडीचा, का डोंगराचा?”

निरंजनबुवा वाकून चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गाडीत दोष हाय हे तुला कुनी सांगितलं?”

“कुणी सांगत नाही, तेच तर. तीनदा गॅरेजात दाखवून आणली. तिन्ही वेळा म्हणाले, काही बिघाड नाही. बुवा, काही बिघाड नाही म्हणणारा माणूस हमखास काहीतरी लपवत असतो.”

“आनि बिघाड हाय म्हननारा?”

“तो नवा पार्ट गळ्यात मारायला टपलेला असतो.”

बुवांनी फुंकणी उचलली आणि चूल फुंकू लागले.

मुकुंदराव माळवदे कऱ्हाडचे. तिथे त्यांची बेकरी आहे, आणि त्यांच्या खारीचा पापुद्रा दाताखाली वाजतो हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. माणूस कष्टाळू, सचोटीचा, देवाधर्माचा. खोड एकच. कशावर म्हणून भरवसा नाही. दूध आलं की बोट बुडवून बघणार. कुलूप लावलं की चारदा ओढून बघणार. देवळात गेले तर हात जोडण्याआधी चपला कुठे काढल्यात ते बघून घेणार. हे नमस्कारसुद्धा एक डोळा उघडा ठेवून करतात, असं त्यांची बायको हयात होती तेव्हा म्हणायची, आणि ती काही खोटं बोलणारी बाई नव्हती.

निरंजनबुवा मूळचे माणदेशातले. तरुणपणी घर सोडून हिमालयात गेले आणि जिथे झाडालाही उगवायचा कंटाळा येतो अशा उंचीवर, एका पठाराच्या कडेला, दगडमातीची खोली बांधून राहिले. थंडीत खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत ते खाली उतरत आणि कृष्णाकाठच्या मठात मुक्कामाला येत. मुकुंदरावांनी मंत्र घेतला तो त्यांच्याकडूनच.

यंदा बुवांचे गुडघे गेले. बस-रेल्वेची दगदग त्यांना झेपायची नाही, तेव्हा मुकुंदरावांनी निरोप धाडला, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो.

त्यात भक्ती होतीच. नवी गाडी हिमालयात घालायची हौसही होती. आणि आणखी एक काम होतं. त्या कामाचं नाव चारुता, मुकुंदरावांची एकुलती एक मुलगी.

काल दुपारी ते पोहोचले. चारुताचा विषय अजून निघाला नव्हता. आधी गाडी.

“मला एकदा नीट सांग,” बुवा म्हणाले. “ती करती काय, आनि तुझं म्हननं काय?”

मुकुंदराव सरसावून बसले.

“बुवा, तिच्यात एक सोय आहे. क्रूझ कंट्रोल म्हणतात. वेग ठरवून द्यायचा, बटण दाबायचं, की समोर एक हिरवा दिवा लागतो. मग गाडी आपली आपण तेवढ्याच वेगानं चालते. आपला पाय लागायला नको.”

“बरं.”

“पण घाट लागला आणि तिनं रंग दाखवले. चढाला पन्नास सांगितले तर चाळीसवर येते. दमते. मग एकदम खालचा गिअर टाकून म्हशीसारखी हंबरत साठावर जाते. उताराला तर सांगतो काय आणि करते काय. म्हटलं, हवा विरळ आहे, माणसाला धाप लागते तर इंजिनाला का नाही लागणार? ते एक वेळ समजू शकतो. पण सपाटीवर? काल तुमच्या या पठारावर आलो. सरळसोट रस्ता. चढ नाही, उतार नाही, चिटपाखरू नाही. तिथंसुद्धा तेच. दिवा लावला की विझतो. लावला की विझतो. याला काय म्हणायचं?”

“आनि तवा तुझा पाय कुटं असतो?”

“पाय?”

“त्येचं काम न्हाई म्हनलास न्हवं. मंग तो असतो कुटं?”

“ब्रेकवर.”

“दाबून?”

“छे. दाबायचा कशाला? नुसता ठेवलेला असतो. असावा आपला. भरवसा काय?”

बुवांनी पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. चहाला अजून उकळी नव्हती.

मुकुंदरावांना वाटलं, म्हातारबुवांना गाडीतलं काय कळणार. आपणच उगाच दगडावर पाणी ओततोय. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, वर धरला, खिडकीपाशी नेला, पुन्हा खिशात टाकला.

“हितं ते लागत न्हाई,” बुवा म्हणाले. “माळ सपला आनि घाट सुरू झाला की तितं लागतं म्हनत्यात लोक.”

बारा महिने बर्फ दिसणारं ते हिमालयातलं पठार. पण माणदेशी माणसाला तो माळच.

“कालपासून भट्टी दिसली नाही,” मुकुंदराव म्हणाले.

“हितनं तुला कऱ्हाडची भट्टी दिसती?”

“कॅमेरा बसवलाय ना. भट्टीवर एक, गल्ल्यावर एक, गोदामात एक. मोबाइलवर सगळं दिसतं. रेंज असली की.”

“आनि भट्टीवर कोन असतं?”

“चारुता.”

बुवांनी चहाची पूड टाकली.

“तिचं काय म्हननं?”

मुकुंदरावांनी कान टवकारले. ते सावध झाले.

“तिचं काही म्हणणं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“…”

“तिनं निरोप पाठवला होता का तुमच्याकडे? मठातल्या कुणाबरोबर? खरं सांगा, बुवा.”

“काल आल्यापास्नं तिचं नाव तू किती बारी काडलंस? जेवताना काडलंस. झोपेत बी काडलंस.”

मुकुंदरावांचं समाधान झालं नाही. पण गुरूची उलटतपासणी किती करायची यालाही मर्यादा असते. मग मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगायचंच होतं.

गेल्या दसऱ्याला त्यांनी बेकरी चारुताच्या हाती दिली. चार माणसं बोलावली, भट्टीची पूजा केली, किल्ल्यांचा जुडगा तिच्या ओंजळीत ठेवला. आता तूच बघ, मी सुटलो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्याच दिवशी ही नवी गाडी आली. तिला झेंडूचा हार घातला. एका दिवसात दोन गोष्टींवर भार टाकून मोकळे झालो, असं त्यांनी त्या दिवशी चार जणांना सांगितलंही.

पोरगी हुशार. बेकरीचं शिक्षण घेऊन आलेली. तिनं नाचणीची बिस्किटं सुरू केली, ती चालली. गिऱ्हाईक वाढलं. यात मुकुंदरावांना खोट काढता येत नव्हती, आणि तीच त्यांना मोठी संशयाची जागा वाटत होती.

“मी तिला काही म्हणत नाही, बुवा. कधी रागावलो नाही, कधी अडवलं नाही. नुसतं विचारतो. आज मैदा कुणाचा घेतला. लोणी कितीचं आणलं. तिसरा ट्रे आत घालायला उशीर का झाला. यात वाईट काय?”

“आनि ती?”

“ती थांबते. मी फोन केला की हातातलं काम टाकून उत्तर देत बसते. मग माल बिघडतो. मग म्हणते, तुमच्यामुळे बिघडला. माझ्यामुळे? मी इथे, माल तिथे.”

“…”

“मागच्या महिन्यात मला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, बाबा, खारी फुलत असताना भट्टीचं दार उघडायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणजे बघा, माझीच विद्या मलाच.”

“उगडत न्हाईत?”

“कसं उघडणार? वारा लागला की बसते ती. दगड होते. मी स्वतः कधी उघडत नाही.”

हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं की बुवांना हसू आलं. पण त्यांनी ते चुलीच्या धुरात घालवलं.

“आता तिला हैदराबादच्या एका मोठ्या बिस्किट कंपनीत नोकरी मिळतेय. म्हणते, बाबा, बेकरी मी चालवायची की तुम्ही, ते एकदा ठरवून सांगा. आज संध्याकाळी तिला कंपनीला उत्तर द्यायचंय. आज संध्याकाळी, बुवा.”

“मंग तू काय ठरवलंस?”

“परत घ्यायची. सोपं आहे. मी चालवतो, ती मदतीला राहील. पण हे मी म्हटलं तर ती बॅग भरून निघेल. तुम्ही म्हटलं तर ऐकेल. तुमच्यावर तिची श्रद्धा आहे.”

“म्हंजी तुला सल्ला नगं. तोंड पायजे. माजं.”

मुकुंदराव खाली बघू लागले. बोटांत त्यांनी किल्ल्यांचा जुडगा धरला होता आणि तो एकसारखा वाजत होता.

“ह्या कशाच्या?”

“गाडीची ही एक. बाकीच्या बेकरीच्या.”

“त्या लेकीला दिल्या म्हनलास.”

“दिल्या की. ही दुसरी जोडी.”

“हितं? हिमालयात?”

“असाव्यात आपल्या.”

चहा उकळून वर आला. बुवांनी पातेलं उतरवलं आणि गाळणं पुढे केलं.

“तू गाळ.”

मुकुंदरावांनी फडक्यानं पातेलं धरलं. पेल्यावर गाळणं ठेवून ते ओतायला लागले, तोच बुवांनी हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर चार बोटं ठेवली. हलकीच.

चहाची धार हलली. थोडा चुलीत सांडला, थोडा मुकुंदरावांच्या मांडीवर.

“बुवा, हात काढा की.”

“का?”

“सांडतोय चहा.”

“म्या कुटं काय केलं? नुसता ठेवलाय.”

“ठेवलाय म्हणूनच सांडतोय. मला ओततो कसा तेच कळेना. तुमच्या हाताकडे बघू का पेल्याकडे?”

बुवांनी हात काढला. उरलेला चहा सरळ पेल्यात पडला, थेंब न सांडता.

आता कुणालाही वाटेल की इथे मुकुंदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तसं काही झालं नाही. त्यांच्या मनात भलताच संशय आला. बुवांचा हात थरथरत होता का? त्यांना आधार लागत होता का? गुडघ्यांबरोबर आणखी काही बिघडलंय आणि बुवा ते लपवतायत? खाली गेल्यावर आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. डॉक्टर चांगला कुठला, हा पुढचा प्रश्न होताच.

चहा पिऊन झाला. बुवांनी चूल विझवली, दाराला कडी घातली. कुलूप नव्हतंच. मुकुंदरावांनी कडी दोनदा ओढून बघितली.

“कुलूप?”

“कशाला? आत काय हाय?”

“तरी पण…”

बुवा काठी टेकत गाडीकडे गेले. पुढच्या सीटवर बसले आणि दुखरे गुडघे हातानं हळूहळू दुमडून त्यांनी मांडी घातली. मुकुंदरावांनी त्यांचा पट्टा लावला, ओढून बघितला, आणि गाडी सुरू केली.

पठारावर ऊन पसरलं होतं. रस्ता सरळ, लांबवर एकही वाहन नाही. दूर काही याक चरत होते. मुकुंदरावांनी गाडी पन्नासवर आणली आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

“बघा हां, बुवा. आता बघत राहा.”

थोडं अंतर गेलं. दिवा विझला. गाडी मंदावली.

“बघितलंत?”

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा विझला. पुन्हा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर आता एक प्रकारचं समाधान दिसायला लागलं होतं. संशयी माणसाला आपला संशय खरा ठरला की दुःख होत नाही, थोडं गारच वाटतं.

बुवांनी काठी उचलली. तिच्या टोकानं त्यांनी मुकुंदरावांच्या उजव्या पायाच्या घोट्याला टोचलं.

“ह्यो पाय जरा मागं घे.”

“ब्रेकवरनं काढू?”

“म्होरं कोन हाय?”

“कुणी नाही.”

“मंग घे मागं. सीटखाली.”

मुकुंदरावांनी पाय मागे घेतला. जिवावर आलं. पाय सीटखाली जाऊन बसला खरा, पण घर सोडून पाहुण्याकडे राहायला आलेल्या माणसासारखा अवघडून बसला.

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला.

दिवा राहिला.

याकांचा कळप मागे गेला. एक दगडी चौथरा मागे गेला. काटा पन्नासवर चिकटल्यासारखा उभा होता. इंजिनाचा एकसुरी आवाज सोडला तर पठारावर काही ऐकू येत नव्हतं.

“विझत नाही…” मुकुंदराव हळूच म्हणाले.

“…”

“बुवा, विझत नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला.

“तुमची काठी लागली. काठी लागली आणि गाडी सुधारली. लोक म्हणतात ते उगाच नाही. मीच पापी, मीच सकाळी तुमच्यावर संशय घेतला.”

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. मग कपाळाला हात लावला, पण तो भक्तीनं नव्हे.

“आरं येड्या…” ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. एकदा माणसानं चमत्कार पकडला की त्याच्या हातून तो काढून घेणं फार अवघड असतं.

पठार संपत आलं. समोर रस्ता खाली वळताना दिसू लागला. तिथून घाट.

एरवी मुकुंदरावांनी इथे दहा वेळा ब्रेक चाचपला असता. पण आज काठीची कृपा होती. आयुष्यभर कुणावर न ठेवलेला विश्वास त्यांनी एका दमात, एका बटणावर ठेवला. पाय सीटखालीच राहिला.

उतार लागला. काटा पन्नासचा पंचावन्नवर गेला.

मुकुंदराव हसत होते.

साठ. पासष्ट.

“बुवा… ही वाढतेय.”

“व्हय.”

“सांगितले पन्नास आणि…”

“दिसतंय मला.”

समोर वळण आलं. वळणापलीकडे नुसतं आभाळ होतं. मुकुंदरावांचा पाय सीटखाली अडकला, धडपडला, सुटला, आणि ब्रेकवर सगळ्या अंगाच्या भारानं पडला.

गाडी खडीवर फरफटत गेली आणि कठड्याला जेमतेम हातभर अंतर ठेवून थांबली.

दिवा विझला होता.

खाली दरीत नदी दिसत होती. ती इतकी बारीक दिसत होती की मुकुंदरावांनी नजर काढून घेतली. ते उतरले. कठड्यावर बसले आणि मग त्यांना राग आला.

“तुम्हीच म्हणालात ना, पाय काढ?”

बुवा काठी टेकत खाली उतरले. त्यांचाही श्वास फुलला होता. ते शेजारी येऊन बसले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून.

“म्हनालो. माळावर.”

“मग इथे का नाही सांगितलंत, ठेव म्हणून?”

“घाट तुला दिसला न्हाई?”

“दिसला. पण मला वाटलं, आता तुमची कृपा…”

“काल रस्ता मोकळा होता, तर पाय ठिवलास. आज कडा म्होरं आला, तर पाय काडून बसलास. आनि दोन्ही बारीला बोल लावायला दुसरंच कुनीतरी.”

मुकुंदरावांना आईची आठवण झाली आणि उगाचच रडू आलं. माणूस मरता मरता वाचला की असं होतं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात खिसा थरथरला.

घाटाच्या तोंडाशी रेंज आली होती. मोबाइलवर कालपासूनचे निरोप धडाधड येऊन पडू लागले. मुकुंदरावांनी सवयीनं कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. भट्टी दिसली. भट्टीपाशी चारुता उभी होती, केस वर बांधलेले, हातात लांब दांड्याचं फावडं. ती ट्रे आत सारत होती. तिनं घड्याळाकडे बघितलं, ओढणीनं कपाळ पुसलं, आणि ती एकटीच कशाला तरी हसली. शेजारच्या ओट्यावर मालाचे ट्रे रचलेले होते. कालपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मुकुंदराव बघत राहिले.

“खारी…” ते पुटपुटले. “फुललीय.”

त्यांनी फोन लावला. चित्रातल्या चारुतानं फोनकडे बघितलं. तिचं हसू गेलं. हातातलं फावडं तिनं भिंतीला टेकवलं. मग चित्र गेलं आणि तिचा आवाज आला.

“बाबा. पोहोचलात का नीट? बुवा कसे आहेत?”

“बरे आहेत. शेजारीच आहेत.”

“बरं.” ती थांबली. “काय ठरलं मग?”

मुकुंदरावांनी बुवांकडे बघितलं. बुवा दरीकडे बघत होते. ते तोंड देणार नव्हते, हे स्पष्ट होतं.

“चारू…”

“बोला.”

“बेकरी तूच चालव.”

पलीकडे फावडं भिंतीवरून घसरून पडल्याचा आवाज आला.

“तूच चालव. मी काही बोलणार नाही. फक्त…”

काठीचं टोक त्यांच्या उजव्या पावलावर येऊन टेकलं.

मुकुंदरावांनी खाली बघितलं. कठड्यावर बसल्या बसल्या त्यांच्या उजव्या पायाचा चवडा खडीत रुतला होता. ते कधीपासून, किती जोरानं तो दाबत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. खडीत खळगा पडला होता.

“फक्त काय, बाबा?”

ते त्या खळग्याकडे बघत राहिले. चहा, मनगट, चार बोटं. दार, वारा, खारी. सगळं एकदम आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यांनी पाय उचलला. मग दुसराही. कठड्यावर त्यांनी बुवांसारखी मांडी घातली. वयानं आणि पोटानं नीट जमेना, पण घातली.

“काही नाही,” ते म्हणाले. “तूच चालव. आणि दुसरी किल्ल्यांची जोडी माझ्याजवळ आहे, ती आलो की देतो. कॅमेऱ्याचं… ते काय काढायचं असेल ते काढून टाक.”

“बाबा?”

“हं.”

“तुमची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. जा, दार उघडू नकोस अजून. नाही, म्हणजे… तुला माहितीय.”

ती हसली. मग ते हसणं मध्येच ओलं झालं.

“मी कंपनीला नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

वारा सुटला होता. मुकुंदरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पोरगी राहिली. बेकरी राहिली. आपण वाचलो. आज देवानं दोन्ही हातांनी दिलं, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

बुवाही डोळे मिटून ऊन खात होते.

“बुवा.”

“हं.”

“झालं ते चांगलं झालं.”

“झालं.”

“मन अगदी हलकं झालं बघा.”

“व्हय.”

“…”

“…”

“बुवा, पण… ती नीट चालवेल ना?”

बुवांनी डोळे न उघडता हात हवेत धरला, चिमूट केली, आणि सोडली.

“इझला बग दिवा.”